स्वयंचल कौतुकयंत्रे

स्वयंचल कौतुकयंत्रे : पाण्याचा वा हवेचा दाब, खाली सरकणारे वजन, गुंडाळलेली कमान यांसारख्या आत दडविलेल्या प्रेरक साधनाने आपोआप हालचाल करणाऱ्या आणि मुख्यतः पाहणाऱ्याला चकित करण्यासाठी वा त्याची करमणूक करण्यासाठी तयार केलेल्या यांत्रिक प्रयुक्ती. माणूस, पशू वा पक्षी यांच्या रूपातील अशा प्रयुक्तींना यंत्रपुतळे किंवा ऑटोमॅटा असे म्हणतात. या यंत्रांनी धान्य दळले नाही वा पाणी उपसले नाही. त्यामुळे तंत्रविद्येच्या इतिहासात त्यांना दीर्घ काळ खेळण्यांच्या पंक्तीला बसविले गेले. तथापि क्रमाक्रमाने घडणाऱ्या हालचाली यंत्रात आधीच नोंदवून ठेवणे, दट्ट्या, झडप, कॅम व दंतचक्रे यांची सूक्ष्म जुळणी करणे आणि यंत्राला माणसाच्या कृतीचे अनुकरण करावयास लावणे, या गोष्टी प्रथम याच कौतुकयंत्रांत साध्य झाल्या. यंत्र खरोखर काय करते आणि ते काय करीत असल्याचा केवळ आभास होतो, हा प्रश्नही याच यंत्रांनी लोकांपुढे मांडला.

प्राचीन काळ : ग्रीक परंपरेत इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा टेसिबिअस हा या विद्येचा आद्य प्रवर्तक मानला जातो. जलघटिका व पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन ही त्याची कामे प्रसिद्ध आहेत. इ. स. पहिल्या शतकात त्याच नगरातील हीरो याने अशा प्रयुक्तींची वर्णने ग्रंथबद्ध केली. त्यांपैकी एक देवालयात तीर्थ देणारे पात्र होय. पात्राच्या वरच्या फटीतून टाकलेले नाणे आतील तरफेच्या एका टोकावरील पट्टीवर पडे. त्याच्या भाराने ते टोक खाली जाई व दुसऱ्या टोकाशी जोडलेले बूच वर उचलले जाऊन थोडे पाणी बाहेर येई. नाणे कलत्या पट्टीवरून घसरून पडताच तरफ पूर्वस्थितीत येऊन बूच बंद होई. नाणे टाकून वस्तू देणाऱ्या आधुनिक यंत्रांचे मूळ तत्त्व येथे पूर्णपणे आढळते. भारतातील रेल्वे स्थानकांवर विसाव्या शतकात सर्वपरिचित झालेली, नाणे टाकताच वजन आणि भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट देणारी वजनयंत्रे याच कुळातील होत.

हीरोने वर्णिलेली एक छोटी चाकांची रंगभूमी याहूनही महत्त्वाची आहे. तिच्यात धान्याने भरलेल्या नळकांड्यात एक जड वजन ठेवलेले असे. तळाच्या छिद्रातून धान्य गळू लागले की वजन हळूहळू खाली येई व त्याला बांधलेली दोरी आसावरून उलगडत जाऊन चाके फिरत. आसावर खुंट्या बसवून दोरी कधी एका दिशेने तर कधी उलट दिशेने गुंडाळली म्हणजे गाडी आधी पुढे व मग मागे जाई. दोरी मध्येच सैल सोडली, तर ती तेवढा वेळ थांबे. म्हणजे गाडीने कोणती हालचाल कोणत्या क्रमाने करावयाची, हे दोरी गुंडाळण्याच्या पद्धतीने अगोदरच ठरविलेले असे. यंत्राला पूर्वनियोजित आज्ञा देण्याच्या अगदी जुन्या उदाहरणांत याची गणना होते.

इस्लामी परंपरा : नवव्या शतकात बगदाद येथील बनू मूसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन बंधूंनी सुमारे शंभर युक्तियंत्रांचे वर्णन करणारा ग्रंथ रचला. एकाच पात्रातून आलटून पालटून भिन्न पेये ओतणारी भांडी, आकार बदलणारी कारंजी इ. प्रयुक्ती त्यात आहेत. या परंपरेचा कळस अल्-जझारी याच्या १२०६ मधील ग्रंथात दिसतो. हा आर्तुक राजवंशाच्या दरबारी, हल्लीच्या तुर्कस्तानातील दियारबाकिर येथे, सुमारे पाव शतक कारागीर म्हणून राहिला. त्याच्या ग्रंथात ५० प्रयुक्तींची रचना, त्यांचे सुटे भाग, मापे व आकृत्या दिलेल्या आहेत. होडीत बसून वाद्ये वाजविणारे चार पुतळे, राजाच्या हातावर पाणी घालणारा सेवक आणि सर्वांत प्रसिद्ध असे हत्तीचे घड्याळ यांचा त्यांत समावेश होतो.

हत्तीच्या घड्याळाचे हृदय भारतीय वाचकाला परिचित आहे. हत्तीच्या पोटात पाण्याचे भांडे असून त्यात तळाला छिद्र असलेली वाटी तरंगत असे. अर्ध्या तासात वाटी भरून बुडाली की तिला बांधलेल्या दोरीने वरची यंत्रणा सुरू होई. पक्ष्याचा आवाज होई, ससाण्याच्या चोचीतून गोळी सुटून सर्पाच्या मुखात पडे, तिच्या भाराने सर्प खाली झुके आणि माहूत हत्तीवर प्रहार करी. सर्प खाली येताना बुडालेली वाटी पुन्हा वर ओढली जाई व गोळी सोडून सर्प जागेवर परतला की नवे आवर्तन सुरू होई. छिद्राची ही वाटी म्हणजे भारतीय घटिकापात्रच होय. २४ मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, भरून बुडणारी तांब्याची वाटी महाराष्ट्रात विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातील पाण्यावर सोडीत असत. ‘लग्नघटिका’ या शब्दात तिची स्मृती टिकून आहे. आपल्याकडे वाटी बुडाली की घटका मोजणारा माणूस ती पुन्हा पाण्यावर ठेवी. जझारीच्या यंत्रात हे काम सर्प करीत असे.

भारतीय परंपरा : धारचा परमार राजा भोज (कार. सु. १०१०–५५) याच्या समरांगणसूत्रधार या वास्तुशास्त्रविषयक संस्कृत ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. नाचणाऱ्या व वाद्ये वाजविणाऱ्या लाकडी पुतळ्या, दाराशी उभे राहून आगंतुकाला अडविणारे यंत्ररक्षक, धारागृहातील जलयंत्रे तसेच पाऱ्याच्या साहाय्याने उडणारा लाकडी पक्षी यांचा त्यात उल्लेख आहे. चांगल्या यंत्राचे गुणही तेथे सांगितले आहेत. अकराव्या शतकातच काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरातही मयासुराची कन्या सोमप्रभा आपल्या सखीसाठी यांत्रिक बाहुल्यांची करंडी घेऊन येते. यावरून यंत्रपुतळ्यांची कल्पना त्या काळच्या सुशिक्षित समाजाला सुपरिचित होती, असे म्हणता येते.

मात्र यांपैकी काय प्रत्यक्षात होते आणि काय केवळ काव्यात, हे ठरविणे अवघड आहे. त्याचे कारण खुद्द भोजाच्या ग्रंथातच सापडते. यंत्रांची घडण येथे सविस्तर सांगितलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी सांगितली नाही, असा खुलासा ग्रंथकार करतो. रचना उघड झाली, तर यंत्राचे नवल संपते, अशी त्यामागील दृष्टी आहे. जझारीची दृष्टी याच्या उलट होती. आपल्या पूर्वसूरींच्या अनेक रचना प्रत्यक्ष करून पाहिलेल्या नव्हत्या, अशी त्याची तक्रार होती व स्वतःच्या यंत्रांची वर्णने त्याने पुढील कारागिराला ती पुन्हा उभारता यावीत अशा रीतीने लिहिली. परिणामी १९७६ मध्ये त्याच्या एका भव्य जलघटिकेची लंडन येथे ग्रंथाच्या आधारे पुनर्रचना करता आली, तर धारच्या यंत्ररक्षकाची पुनर्रचना आज कोणालाही करता येणार नाही. दोन संस्कृतींच्या बुद्धीतील हा फरक नाही. विद्या लिहून ठेवण्याच्या रीतीतील हा फरक आहे आणि त्याची किंमत भारतीय तंत्रविद्येच्या इतिहासाला मोजावी लागली आहे.

भारतातील टिकून राहिलेल्या कौतुकयंत्रांत टिपू सुलतानाचा वाघ सर्वांत ख्यातनाम आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील ही लाकडी प्रतिमा जवळजवळ प्रत्यक्ष आकाराची असून तीत एक वाघ पाडलेल्या यूरोपीय माणसाच्या गळ्याशी दात रोवून उभा आहे. बाजूचे हँडल फिरविले की आतील भाते चालू होऊन माणसाचे विव्हळणे व वाघाची गुरगुर ऐकू येते आणि माणसाचा हात वरखाली होतो. वाघाच्या पोटात कळफलक असलेला छोटा ऑर्गनही आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर ही प्रतिमा ईस्ट इंडिया कंपनीने लंडनला नेली व १८०८ पासून ती तेथे लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. वाघ हे टिपूचे राजचिन्ह होते. शत्रूवरील विजयाचे स्वप्न दाखविणारे यंत्र अशा रीतीने शत्रूच्याच विजयाचे स्मारक बनले. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहे.

यूरोपातील उत्कर्षकाल : घड्याळांसाठी विकसित झालेली कमान, दंतचक्रे व कॅम यांमुळे अठराव्या शतकात यूरोपातील कौतुकयंत्रे अत्यंत प्रगत झाली. कॅम म्हणजे कडेला उंचसखल कापलेली फिरती तबकडी. तिच्या कडेवर टेकलेली तरफ त्या उंचसखलपणानुसार वरखाली होते. म्हणून तबकडीची कड म्हणजे एक प्रकारे हालचालीचे लेखनच असते.

ग्रनॉबल येथे जन्मलेल्या झाक द व्होकांसाँ (१७०९–८२) याने १७३८ मध्ये पॅरिस येथे बासरीवादकाचा पूर्णाकृती पुतळा प्रदर्शित केला. त्याच्या आत नऊ भाते असून ते कमीजास्त दाबाने हवा पुरवीत. ओठ, जीभ व बोटे यांच्या हालचाली खुंट्या बसविलेल्या दंडगोलाने नियंत्रित होत. पुतळा खरोखरच बासरीत फुंकून १२ रचना वाजवीत असे. फ्रेंच विज्ञान अकादमीनेही त्याची दखल घेतली. पुढील वर्षी व्होकांसाँने आपले प्रसिद्ध बदक पुढे आणले. ते पंख फडफडवी, पाणी पिई, हातातील दाणे खाई आणि काही वेळाने विष्ठाही टाकी. अन्नाचे खरोखर पचन होते, असे त्याच्या निर्मात्याने सूचित केले होते. १८४४ मध्ये पॅरिसमध्ये बदक पुन्हा प्रदर्शित झाले, तेव्हा रॉबेअर-ऊदँ या जादूगाराने त्याची पाहणी केली. दाणे एका साठवणीत जमा होत आणि आधीच तयार करून ठेवलेला लगदा दुसरीकडून बाहेर टाकला जाई, असे त्याने लिहून ठेवले. बासरीवादक प्रामाणिक होता, बदक अर्धवट प्रामाणिक होते. तरीही लोकांच्या स्मरणात बदकच अधिक राहिले.

व्होकांसाँचे पुढील जीवन या यंत्रांचा समाजाशी असलेला संबंध स्पष्ट करते. १७४१ मध्ये त्याची फ्रान्समधील रेशीम उद्योगाचा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच्या सल्ल्याने झालेल्या नव्या नियमांविरुद्ध १७४४ मध्ये लीआँ येथील विणकरांनी उठाव केला व त्याला शहर सोडून पळावे लागले. १७४५ च्या सुमारास त्याने छिद्रे पाडलेल्या कागदाच्या साहाय्याने आपोआप नक्षी विणणारा माग तयार केला. तो प्रत्यक्ष वापरात आला नाही. तथापि पॅरिसच्या संग्रहालयात पडून असलेल्या त्या मागाचा अभ्यास करून झोझेफ मारी झाकार (१७५२–१८३४) याने १८०४ च्या सुमारास छिद्रित पुठ्ठ्यांच्या साखळीवर चालणारा आपला माग सिद्ध केला. महाराष्ट्रातील हातमागांवरही नक्षीसाठी याच पद्धतीची ‘जॅकार्ड’ यंत्रणा योजली जाते. पुढे चार्ल्‌स बॅबेज (१७९१–१८७१) या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित वैश्लेषिक यंत्रासाठी झाकारचीच छिद्रपत्रे स्वीकारली. लहानपणी पाहिलेली चांदीची नाचणारी पुतळी बॅबेजने मोठेपणी विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यात ठेवली होती, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. पुतळ्याला बासरी वाजवायला शिकविणारी विद्या अशा प्रकारे आधी मागात व नंतर गणकयंत्रात गेली. मात्र विणकराच्या दृष्टीने हाच प्रवास त्याचे कौशल्य हातातून यंत्रात जाण्याचा होता.

स्वित्झर्लंडमधील घड्याळजी प्येअर झाक-द्रो (१७२१–९०), त्याचा मुलगा आंरी-ल्वी व सहकारी झाँ-फ्रेदेरिक लेशो यांनी १७६८ ते १७७४ या काळात तीन पुतळे तयार केले. लेखक, चित्रकार व वादिका या नावांनी ते ओळखले जातात. लेखक या लहान मुलाच्या पुतळ्यात सुमारे ६,००० भाग आहेत. तो पिसाची लेखणी शाईत बुडवितो, झटकतो आणि ४० अक्षरांपर्यंतचा कोणताही मजकूर लिहितो. लिहिताना त्याची नजर अक्षरांमागून फिरते. मजकूर बदलण्यासाठी एका चाकावरील पाचरी बदलाव्या लागतात. चित्रकार चार चित्रे काढतो व कागदावरील भुकटी फुंकून टाकतो. वादिका आपल्या बोटांनी खरोखर कळा दाबून वाद्य वाजविते आणि वाजविताना तिची छाती श्वासाप्रमाणे वरखाली होते. हे तिन्ही पुतळे नशातेल येथील संग्रहालयात अद्यापि चालू स्थितीत आहेत. लेखकाशी साम्य असलेला आणखी एक पुतळा १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटला आगीत खराब झालेल्या अवस्थेत मिळाला. त्याचा निर्माता दुसराच कोणी असावा, असा समज होता. दुरुस्तीनंतर पुतळ्याने चार चित्रे व तीन कविता कागदावर उतरविल्या आणि शेवटच्या कवितेच्या कडेला आपण मायर्देचा यंत्रपुतळा असल्याचे फ्रेंचमध्ये लिहिले. यंत्राच्या स्मरणात जपलेल्या नोंदीने त्याच्या विस्मृत कारागिराला त्याचे नाव परत मिळवून दिले.

तुर्क : व्होल्फगांग फोन केम्पेलेन (१७३४–१८०४) याने १७७० मध्ये व्हिएन्ना येथे महाराणी मारिया टेरीझा हिच्यापुढे बुद्धिबळ खेळणारा एक पुतळा सादर केला. तुर्की पोशाखामुळे तो ‘तुर्क’ या नावाने प्रसिद्ध झाला. खेळापूर्वी पेटीची दारे एकामागून एक उघडून व मेणबत्ती धरून आतील चक्रे दाखविली जात. प्रत्यक्षात आत एक निष्णात खेळाडू बसलेला असे. दारे उघडताना तो सरकत्या आसनावरून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाई. सोंगट्यांत लोहचुंबक होते. पटाखाली दोऱ्यांना टांगलेल्या धातूच्या चकत्यांवरून त्याला प्रतिस्पर्ध्याची खेळी कळे आणि तरफांच्या साहाय्याने तो पुतळ्याचा हात हलवी. आतील मेणबत्तीचा धूर पुतळ्याच्या पागोट्यातून बाहेर पडे. १८०९ मध्ये नेपोलियन या पुतळ्याशी खेळून हरला. बॅबेजनेही त्याच्याशी खेळून हार पत्करली होती. केम्पेलेननंतर तुर्काचा मालक झालेल्या योहान मेल्सेल याने तो अमेरिकेत नेला. तेथे एडगर ॲलन पो याने १८३६ मध्ये लेख लिहून आत माणूस असल्याचा तर्क मांडला. १८५४ मध्ये फिलाडेल्फियातील आगीत तुर्क नष्ट झाला.

याच केम्पेलेनने भाता, कंप पावणारी पट्टी आणि लवचिक मुख वापरून मानवी उच्चार काढणारे एक यंत्र तयार केले व १७९१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात कोणतीही फसवणूक नव्हती. त्या ग्रंथाच्या आधारे चार्ल्‌स व्हीटस्टन याने केलेली प्रतिकृती १८६३ मध्ये तरुण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने पाहिली व त्यापासून स्फूर्ती घेऊन भावाच्या मदतीने स्वतःचे बोलणारे यंत्र बनविले. एकाच माणसाचे खोटे यंत्र जगभर गाजले आणि खरे यंत्र मोजक्या जिज्ञासूंपुरते राहिले. पण पुढील शोधांना वाट दाखविली ती खऱ्या यंत्राने.

जपान : ओसाका येथे १६६२ मध्ये ताकेदा ओमी याने यंत्रपुतळ्यांची रंगभूमी सुरू केली. या पुतळ्यांना काराकुरी असे म्हणतात. घरगुती पुतळ्यांत चहा आणणारी बाहुली विशेष लोकप्रिय होती. तिच्या हातातील तबकात पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालत जाते, पेला उचलताच थांबते आणि रिकामा पेला परत ठेवताच वळून माघारी येते. १७९६ मधील होसोकावा हान्झो याच्या सचित्र ग्रंथात तिची रचना तपशीलवार दिली असून तीत पोलादाऐवजी देवमाशाच्या मुखातील लवचिक पट्टीची कमान वापरलेली आहे. बाण सोडणारा मुलगा या पुतळ्यामुळे गाजलेल्या तानाका हिसाशिगे (१७९९–१८८१) याने पुढे १८५१ मध्ये एक बहुविध घड्याळ व १८७५ मध्ये टोकिओ येथे तारायंत्राची कार्यशाळा काढली. तोशिबा ही उद्योगसंस्था तिच्यातूनच उदयास आली. यंत्रपुतळ्यांच्या कारागिरीतून आधुनिक उद्योगाकडे जाण्याचे इतके सरळ उदाहरण विरळाच आढळते.

विसावे शतक व नंतर : स्पॅनिश अभियंता लेओनार्दो तोर्रेस केव्हेदो याने १९१२ मध्ये विद्युत्-चुंबकांवर चालणारे व राजा आणि हत्ती यांच्या साहाय्याने एकट्या राजावर मात करणारे यंत्र तयार केले. त्यात माणूस लपलेला नव्हता. संपूर्ण डावात जगज्जेत्याला हरविण्याइतकी प्रगती होण्यास १९९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डीप ब्ल्यू या संगणकाने गॅरी कास्पारॉव्ह यांचा पराभव केला.

निव्वळ गमतीची परंपराही चालू राहिली. मार्व्हिन मिन्स्की यांना १९५२ मध्ये सुचलेली व संदेशवहन-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी प्रत्यक्षात आणलेली एक पेटी प्रसिद्ध आहे. तिच्यावर केवळ एक बटन असे. ते सुरू केले की झाकण उघडून आतून एक हात बाहेर येई, बटन बंद करी व पुन्हा आत जाई. स्वतःला बंद करण्यापलीकडे या यंत्राला काहीही काम नव्हते. बुद्धिमान यंत्रांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी असे यंत्र करावे, हे वरील इतिहासाशी सुसंगतच आहे.

तुर्काची आठवणही पुसली गेलेली नाही. संगणकाला न जमणारी छोटी छोटी कामे दूरवरच्या माणसांकडून करवून घेणारी एक सेवा ॲमेझॉन या कंपनीने २००५ मध्ये सुरू केली आणि तिला ‘मेकॅनिकल टर्क’ हेच नाव दिले. ही कामे करणाऱ्यांत भारतीयांचाही मोठा वाटा राहिला आहे. पेटी मोठी झाली असली, तरी तिच्यात बसलेल्या माणसाचे श्रम बाहेरून दिसत नाहीत. म्हणून कोणत्याही स्वयंचल यंत्रासंबंधी अठराव्या शतकातील प्रेक्षकाने विचारावयास हवे होते ते दोन प्रश्न आजही विचारावे लागतात : यातील कोणते काम यंत्र करते, आणि कोणते काम न दिसणारा माणूस करतो ?